युद्धाच्या तोंडावर नेता जे सांगतो, ते गावात बसून कसं तपासायचं

मे २०२५ मध्ये सीमेवर मारा सुरू होता, त्या चार दिवसांत आमच्या वाचनालयात रोज रात्री पंधरा-वीस जण जमत. प्रत्येकाच्या हातात फोन आणि प्रत्येकाकडे वेगळी बातमी. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं टीव्हीवर ओरडून सांगितलं गेलं, ते झालंच नव्हतं. विमान पाडल्याचे म्हणून फिरलेले काही व्हिडिओ ‘आर्मा ३’ नावाच्या संगणकावरच्या खेळातले निघाले. गावातला एक पोरगा तेव्हा जम्मूकडे तैनात होता. त्याची आई ओसरीवर बसून असाच एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होती. हातातली वात वळायची राहून गेली होती आणि फोनचा आवाज कुठून कमी करायचा ते तिला सापडत नव्हतं.

तेव्हापासून आम्ही एक वही ठेवतो. ती ठेवताना एक गोष्ट लक्षात आली. लोक तपासतात, पण क्रम चुकतो आणि भलतीच गोष्ट तपासली जाते. सगळा जोर व्हिडिओ खरा की बनावट यावर असतो. मंचावरून, संसदेतून किंवा पत्रकार परिषदेत नेत्याने नेमकं कोणतं वाक्य उच्चारलं, ते कोणी उतरवून घेत नाही. युद्धाआधीची मोठी दिशाभूल वाक्यात असते. चार महिन्यांनी तेच वाक्य बदललेलं असतं, आणि आपल्याकडे जुनं वाक्य लिहिलेलं नसल्यामुळे आपण गप्प बसतो.

खाली दिलेला क्रम आम्ही चुका करत करत बसवला आहे. आपल्या देशाचा नेता असो, शेजारचा असो की सातासमुद्रापलीकडचा, क्रम हाच.

तयारी: वही, माणसं, वेळ

वही बांधीव घ्या. जमाखर्चाची लांब, दोनशे पानी. पानांना आधीच क्रमांक घालून ठेवा, म्हणजे पान फाडलं तर कळेल. फोनमध्ये नोंद ठेवू नका. संदेश पुसले जातात, दुरुस्त होतात, फोन बदलला की हरवतात.

दोन समोरासमोरच्या पानांवर नऊ रकाने आखा: तारीख आणि वेळ, कोण बोललं, कुठे, वाक्य जसंच्या तसं, मूळ भाषा कोणती, सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं, ऐकलं की अंदाज केला, हे तपासू शकेल असं कोण आहे, पुन्हा कधी पाहायचं, निकाल. शेवटचा रकाना पहिल्या दिवशी कोराच राहील. तो भरायची घाई करणारा एक जण प्रत्येक गावात असतो, त्याच्या हाती पेन देऊ नका.

माणसं तीन पुरेत. त्यातल्या एकाला हिंदी-इंग्रजी नीट वाचता यायला हवं. कॉलेजला जाणारी पोरगी असेल तर उत्तम, आमच्याकडे तीच आहे. दुसरी अट जास्त महत्त्वाची: तिघांपैकी दोघं वेगवेगळ्या पक्षांना मत देणारे असावेत. एकाच विचाराची तीन माणसं बसली की वही भरते, पण तपास होत नाही.

वेळ ठरवून घ्या, संध्याकाळी सात ते आठ. कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धा तास उशिरा बसा. रात्री अकरानंतर वही उघडायची नाही. त्या वेळी माणूस घाबरलेला तरी असतो किंवा चिडलेला तरी.

सावधान: वहीत आणि व्हॉट्सॲप गटात काही गोष्टी कधीच येऊ नयेत. गावातल्या जवानाची नेमणूक कुठे आहे, लष्करी गाडी कोणत्या स्टेशनावरून गेली, पुलगावच्या दारूगोळा भांडाराकडे किंवा भंडारा, भद्रावतीच्या आयुध निर्माणीकडे काय हालचाल दिसली, हे लिहायचं नाही, फोटोही काढायचा नाही. २६ एप्रिल २०२५ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने माध्यमांनाही सैन्याच्या हालचाली थेट न दाखवण्याची सूचना दिली होती. गुपित राखणं वेगळं आणि लोकांपासून खरं लपवणं वेगळं. आपल्याला तपासायचं आहे ते नेत्याने लोकांना सांगितलेलं कारण. सैन्याची जागा शोधणं हे आपलं काम नव्हे.

टप्पा १: चर्चेआधी वाक्य उतरवा

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. पानठेल्यावर चर्चा आधी होते आणि वाक्य नंतर आठवलं जातं. आठवलेलं वाक्य आपल्या रागाच्या किंवा आपल्या भक्तीच्या रंगाचं असतं.

पूर्ण भाषण शोधा, तुकडा घेऊ नका. संसदेतलं असेल तर संसद टीव्हीवर, सरकारी निवेदन असेल तर पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर, परराष्ट्र खात्याचं असेल तर त्यांच्या पत्रकार परिषदेच्या लिखित प्रतीत. तुमच्या वाक्याच्या आधीची दोन आणि नंतरची दोन वाक्यंही ऐका. मग उतरवा.

‘आहे’ आणि ‘असावं’ यांत किती अंतर आहे, ते कापूस विकणाऱ्याला सांगायची गरज नाही. खरेदी केंद्रावर कोणी नुसतं ‘ओला दिसते बा’ म्हणालं तर आपण म्हणतो, मीटर लाव. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला तर सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) कापूस घेत नाही हे आपल्याला माहीत असतं, म्हणून तो आकडा आपण स्वतः वाकून पाहतो. नेत्याच्या वाक्यातलं ‘दिसते’, ‘समजते’, ‘आमची खात्री आहे’, ‘शंकाच नाही’ हे शब्द असेच वाकून पाहा आणि त्यांच्याखाली रेघ मारा.

मूळ भाषा वेगळी असेल तर तीही लिहा. मार्च २००३ मध्ये अमेरिका-ब्रिटनने इराकवर केलेल्या हल्ल्याबद्दल आपल्या लोकसभेने एप्रिलमध्ये ठराव केला, तेव्हा हिंदीत ‘निंदा’ होती आणि इंग्रजी पाठात त्याहून मऊ शब्द. ठराव एकच, पण वाचणाऱ्याच्या भाषेप्रमाणे धार वेगळी.

पडताळा: उतरवलेलं वाक्य मोठ्याने वाचा. त्या नेत्याला मत देणारा आणि न देणारा, दोघंही ‘हाव, असंच बोलले’ म्हणाले तरच पुढे जा.

टप्पा २: वाक्य फोडा

युद्धाच्या बाजूने केलेलं वाक्य बहुधा चार दाव्यांची मोळी असते. त्यांच्याकडे अमुक आहे. ते आपल्याविरुद्ध वापरायचा त्यांचा इरादा आहे. वेळ फार थोडा उरला आहे. म्हणून हल्ल्याशिवाय मार्ग नाही. पहिल्याचा पुरावा थोडाफार दिला जातो आणि त्याच जोरावर उरलेले तीन गळी उतरवले जातात. मोळी सोडा, प्रत्येक काडी वेगळ्या ओळीत लिहा.

२६ ऑगस्ट २००२ ला अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी माजी सैनिकांच्या सभेत जाहीर केलं की इराकचा सत्ताधीश सद्दाम हुसेनकडे सर्वसंहारक शस्त्रं आहेत यात काही शंका नाही, आणि ती आपल्याविरुद्ध वापरण्यासाठीच तो साठवतो आहे. फोडून पाहा. शस्त्रं आहेत हा एक दावा, साठवण्यामागचा हेतू हा दुसरा. हेतूचा पुरावा कोणत्या प्रयोगशाळेत मिळतो?

२४ सप्टेंबर २००२ ला ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केलेल्या अहवालात होतं की इराक ४५ मिनिटांत रासायनिक-जैविक शस्त्रं तैनात करू शकतो. कोणती शस्त्रं? मूळ माहिती रणांगणावर जवळून डागायच्या तोफगोळ्यांसारख्या शस्त्रांबद्दलची होती. अहवालात तो खुलासा नव्हता. दुसऱ्या दिवशी काही वर्तमानपत्रांनी सायप्रसमधल्या ब्रिटिश तळांपर्यंत क्षेपणास्त्रं पोचतील असं छापलं, आणि सरकारने ते दुरुस्त केलं नाही. म्हणून वहीत एक सवय लावा. प्रत्येक आकड्यापुढे लिहायचं: कशाचा?

टप्पा ३: ‘बहुतेक’ कुठे गळालं ते शोधा

माझ्या मते हा टप्पा सगळ्यात कामाचा आहे आणि सगळ्यात कमी लोक तो करतात. नेते धडधडीत खोटं क्वचित बोलतात. अधिकाऱ्याने ‘बहुतेक’ लिहिलेलं असतं. मंत्र्यापर्यंत येताना ते ‘आमचं मत’ होतं आणि सभेत पोचेपर्यंत ‘शंकाच नाही’ होतं. वाटेत कोणी एकट्याने खोटं बोललेलं नसतं, तरी शेवटी उभं राहिलेलं वाक्य खोटं असतं.

ऑक्टोबर २००२ चं उदाहरण अख्खं समजून घ्या. इराकबद्दल अमेरिकी गुप्तचर संस्थांनी मिळून एक गोपनीय अहवाल केला. इराकने मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अणुबॉम्बसाठी युरेनियम शुद्ध करायला आहेत, असं त्यात मांडलं होतं. पण त्याच अहवालात ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांचं वेगळं मत होतं की या नळ्या त्या कामाच्या नाहीत. परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागानेही असहमती नोंदवली होती. लोकांसाठी जी छोटी आवृत्ती काढली, तिच्यात ‘आमचा असा अंदाज आहे’ या अर्थाचे शब्द बऱ्याच ठिकाणी उडाले आणि असहमती कोणत्या खात्याची तेही दिसेनासं झालं. त्याच महिन्यात अमेरिकी संसदेने युद्धाचा अधिकार दिला, प्रतिनिधी सभेत २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. युद्धानंतर कळलं की नळ्या ८१ मिलिमीटरच्या साध्या रॉकेटांसाठी होत्या. २००४ मध्ये सिनेटच्या समितीने ही शब्दांची गळती चौकशी अहवालात नोंदवली.

आता हे वहीत कसं करायचं? एकाच दाव्याची निरनिराळ्या दिवशी केलेली विधानं एकाखाली एक लिहा. अधिकाऱ्याचं, प्रवक्त्याचं, मंत्र्याचं, सर्वोच्च नेत्याचं. मग लाल पेनने खात्री दाखवणारा शब्द गोल करा. शब्द पक्का होत गेला असेल तर एकच प्रश्न विचारा: या दोन तारखांच्या मध्ये कोणता नवा पुरावा आला? नवा पुरावा आला असेल तर ठीक, शब्द पक्का व्हायलाच हवा. काहीच आलं नसेल तर त्या ओळीपुढे फुली मारा.

सावधान: नेत्याचं वाक्य दुसऱ्या देशाच्या खांद्यावर ठेवलेलं आहे का तेही पाहा. २८ जानेवारी २००३ च्या भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश (धाकटे) म्हणाले की सद्दामने आफ्रिकेतून युरेनियम मिळवायचा प्रयत्न केल्याचं *ब्रिटिश सरकारला* कळलं आहे. दाव्यामागच्या चर्चेत नायजर देशाची कागदपत्रं होती. ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ती कागदपत्रं खरी नसल्याचं जाहीर केलं. ते वाक्य भाषणात यायला नको होतं, हे व्हाइट हाउसने जुलैमध्ये मान्य केलं. तोवर युद्ध सुरू होऊन साडेतीन महिने झाले होते.

टप्पा ४: पहिला सांगणारा कोण, तिथपर्यंत मागे जा

तीन जण सांगतात म्हणून गोष्ट खरी वाटते. नंतर कळतं, तिघांनीही ती एकाच पानठेल्यावर ऐकली होती. राज्यकर्त्यांकडे हेच मोठ्या प्रमाणावर घडतं.

८ सप्टेंबर २००२ ला रविवारी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्या नळ्यांची बातमी आली. सूत्रं सरकारी अधिकारी. त्याच सकाळी चेनी टीव्हीवर बसले आणि आजच्या पेपरात आलंय पाहा म्हणाले. सरकारने पेपरला सांगितलं, पेपरने छापलं, सरकारने पेपर दाखवला. घरी बसलेल्या माणसाला दोन साक्षीदार दिसले, प्रत्यक्षात एकच होता. मे २००४ मध्ये त्या पेपरने आपल्या इराक बातम्यांमध्ये पुरेशी कडक तपासणी झाली नव्हती, असं संपादकीय टिपणात लिहिलं.

म्हणून वहीत बाण काढा. गटातला संदेश, त्याच्या मागे टीव्ही, त्याच्या मागे प्रवक्ता, त्याच्या मागे… बाण जिथे थांबेल त्या माणसाबद्दल चार प्रश्न विचारा. त्याने स्वतः पाहिलं का? त्याचं नाव सांगितलं आहे का? युद्ध झालं तर त्याचा काही फायदा आहे का? आणि तो शपथेवर बोलला का?

शेवटचे दोन प्रश्न कशासाठी, ते ऐका. १० ऑक्टोबर १९९० ला अमेरिकेत खासदारांच्या मानवी हक्क गटापुढे पंधरा वर्षांची एक मुलगी रडत बोलली. फक्त ‘नायिरा’ एवढंच नाव सांगितलं गेलं. कुवेतच्या इस्पितळात इराकी सैनिकांनी बाळांना काचेच्या पेटीतून काढून थंड फरशीवर मरायला टाकलं, हे आपण पाहिल्याचं ती म्हणाली. अध्यक्ष थोरले बुश यांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४७ अशा निसटत्या मतांनी युद्धाला परवानगी दिली. १९९२ मध्ये उघड झालं की ती मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूताची कन्या होती, आणि ती साक्ष घडवून आणण्यात हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीचा हात होता. तो गट संसदेची अधिकृत समिती नव्हता, त्यामुळे शपथही नव्हती. इराकने कुवेत गिळलं होतं, तिथे अत्याचार झाले होते, हे खरंच होतं. बाळांची ती गोष्ट मात्र पुढच्या चौकशांत टिकली नाही.

२००३ मध्येही तेच. ५ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत चाकांवरच्या जैविक प्रयोगशाळांची चित्रं दाखवली. मुख्य साक्षीदार होता ‘कर्व्हबॉल’ या टोपणनावाचा एक इराकी निर्वासित, ज्याची जबानी जर्मन गुप्तचरांनी घेतली होती. २०११ मध्ये त्याने स्वतःच कबूल केलं की ते आपण रचलं होतं.

टप्पा ५: जागेवर जाऊन पाहणारा आहे का, आणि त्याला वेळ दिला का

वावराच्या धुऱ्याचं (बांधाचं) भांडण असो, आपण मोजणीदाराची वाट पाहतो. कोणी म्हणालं की मोजणी होईस्तोवर थांबायला वेळ नाही, आजच धुरा तोडू, तर आपल्याला लगेच वास येतो. हाच वास इथेही घ्या.

इराकमध्ये मोजणीदार होते. हान्स ब्लिक्स यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक २७ नोव्हेंबर २००२ पासून तपासणी करत होते. ७ मार्च २००३ ला ब्लिक्स यांनी सुरक्षा परिषदेला सांगितलं की उरलेल्या कामाला वर्षं लागणार नाहीत, आठवडेही पुरणार नाहीत, महिने लागतील. ते महिने मिळालेच नाहीत. १८ मार्चला निरीक्षक बाहेर पडले आणि २० मार्चला बगदादवर बॉम्ब पडले. पुढे अमेरिकेच्याच तपास पथकाने देश धुंडाळला. ऑक्टोबर २००४ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या अहवालात शस्त्रसाठे नसल्याचं लिहिलं आहे.

घाईचं याहून ठळक उदाहरण टोंकिनच्या आखाताचं. २ ऑगस्ट १९६४ ला उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी अमेरिकी ‘मॅडॉक्स’ नौकेवर हल्ला केला. तो खरा होता. ४ ऑगस्टच्या रात्री दुसरा हल्ला झाल्याचं जाहीर झालं. तिथल्या कमांडरने काही तासांतच कळवलं होतं की खराब हवामानाने रडारवर भलतंच दिसलं असावं, नीट तपासा. तरी अध्यक्ष जॉन्सन त्याच रात्री टीव्हीवर आले आणि ७ ऑगस्टला त्यांना लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव संसदेत मंजूर झाला. प्रतिनिधी सभेत ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. तीन दिवसांत! दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे मांडणारा अमेरिकी गुप्तचर संस्थेतल्याच इतिहासकाराचा अभ्यास २००५ मध्ये खुला झाला.

पडताळा: वहीत तीन तारखा शेजारीशेजारी लिहा. घटना कधी, पहिली चौकशी कधी, निर्णय कधी. निर्णय चौकशीच्या आधी असेल तर त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवा.

टप्पा ६: किती दिवस, किती पैसा, किती माणसं

पेरणीआधी आपण बियाणं, खत, फवारणी, मजुरी मांडतो. युद्धाचा हिशेब मात्र कोणी विचारत नाही, विचारला की ‘देशापुढे पैसा मोठा का?’ असं ऐकावं लागतं. दिशाभूल फक्त कारणात नसते, खर्चातही असते.

सप्टेंबर २००२ मध्ये बुश यांचे अर्थसल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी खर्च शंभर ते दोनशे अब्ज डॉलर येईल म्हटलं. डिसेंबरमध्ये त्यांना जावं लागलं. २५ फेब्रुवारी २००३ ला लष्करप्रमुख एरिक शिनसेकी यांनी ताबा टिकवायला काही लाख सैनिक लागतील सांगितलं. दोनच दिवसांत उपसंरक्षणमंत्र्यांनी तो आकडा पार चुकीचा ठरवला. संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांचा अंदाज होता सहा दिवस किंवा सहा आठवडे, सहा महिने लागतील असं त्यांना वाटत नव्हतं. अमेरिकी सैन्य डिसेंबर २०११ मध्ये बाहेर पडलं.

वहीत लिहा: कमी आकडा कोणी सांगितला, जास्त कोणी सांगितला, आणि जास्त सांगणाऱ्याचं पुढे काय झालं. या शेवटच्या नोंदीतून खूप कळतं. जोडीला घरचा हिशेबही मांडा. रशिया-बेलारूसकडून पोटॅश येतं, युक्रेन-रशियाकडून सूर्यफुलाचं तेल. तिकडे युद्ध पेटलं की इकडे कृषी केंद्रावर आणि किराणा दुकानात काय होतं, ते २०२२ मध्ये आपण भोगलं आहे. म्हणून परदेशातल्या नेत्याचं खोटंही आपल्या वहीत यायला हवं.

टप्पा ७: उलटी चूक टाळा

इथपर्यंत आलेल्या तरुणांचं एक ठरलेलं असतं: सगळे खोटं बोलतात. हाही तपास नव्हे. नाकारायला काही कष्ट लागत नाहीत, जसे मान्य करायला लागत नाहीत.

२०२२ च्या सुरुवातीला अमेरिका आणि ब्रिटन सांगत होते की रशिया युक्रेनवर हल्ला करणार आहे. इराकची आठवण असलेल्या अनेकांनी ते उडवून लावलं. रशिया म्हणत होता, हल्ल्याचा काही बेत नाही. १५ फेब्रुवारीला काही तुकड्या परत जात असल्याचंही त्याने जाहीर केलं. २४ फेब्रुवारीला हल्ला झाला, आणि त्याला नाव दिलं ‘विशेष लष्करी मोहीम’. या वेळी इशारा खरा होता. म्हणून वहीत दोन्ही बाजूंची विधानं एकाच पानावर लिहा आणि दोन्हींना तेच प्रश्न लावा.

त्याच आठवड्यातली एक गोष्ट फोन वापरणाऱ्या पोरांना जरूर सांगा. पूर्व युक्रेनच्या डोनबास भागातल्या रशियाधार्जिण्या नेत्यांनी १८ फेब्रुवारीला व्हिडिओ टाकून आणीबाणी म्हणून लोकांना गाव सोडायला सांगितलं. फाइलच्या आतली नोंद पाहिली तर ते व्हिडिओ १६ तारखेलाच तयार झाले होते. आणीबाणी दोन दिवस आधीच चित्रित झाली होती! मूळ फाइल हाती असेल तर तिचे तपशील उघडून तारीख बघा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या व्हिडिओत ती नोंद बहुधा निघून गेलेली असते, तिथे चित्र थांबवून गूगल लेन्समध्ये टाका आणि जुनं आहे का ते पाहा.

टप्पा ८: प्रश्न योग्य दारात न्या

तपासात अडलं की लोक थेट माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसतात. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर, तेव्हा मोह होतो. पण देशाच्या सुरक्षेला बाधा येईल अशी माहिती कलम ८ खाली नाकारता येते. आयबी, रॉसारख्या गुप्तचर संस्था तर कलम २४ मुळे, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या प्रकरणांशिवाय, कायद्याबाहेरच आहेत. नकार आला की ‘म्हणजे काहीतरी लपवतात’ असं वहीत लिहिलं जातं. तसं लिहू नका. नकाराने दावा सिद्धही होत नाही आणि खोटाही ठरत नाही.

त्याऐवजी खासदाराला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात एकच प्रश्न असावा, तारखेसकट: अमुक दिवशी अमुक मंत्र्यांनी असं विधान केलं, त्याचा आधार सभागृहात ठेवला आहे का? हा प्रश्न तारांकित म्हणून मांडावा अशी विनंती करा. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि वर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर येतं. दोन्हींची उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर राहतात.

ग्रामसभेत हा विषय नेऊ नका, असं माझं मत आहे. आम्ही एकदा नेला. पाणी टंचाईचा विषय बाजूला पडला आणि दोन भाऊ चार महिने एकमेकांशी बोलले नाहीत. वाचनालयात, वहीसमोर बसूनच बोला. कोणी म्हणेलच, ‘काहून बा, तुले देशावर भरोसा नाही का?’ त्याच्याशी भांडू नका, वाद वाढवू नका. त्याला जवळ बसवा आणि पुढचं वाक्य त्याच्याच हाताने उतरवून घ्या. आमच्याकडचा सगळ्यात कडक तपासनीस असाच आला. तो माजी सैनिक आहे आणि आता वहीला दुसऱ्याला हात लावू देत नाही.

टप्पा ९: निकाल, आणि वही पुन्हा उघडणं

निकालाच्या रकान्यात तीनच शब्द चालतील: ‘सिद्ध’, ‘पुरावा आला नाही’, ‘खोटं ठरलं’. ‘वाटतं’ नको. पहिले काही आठवडे बहुतेक ओळींपुढे मधलाच शब्द राहील आणि ते बरोबरच आहे. गटात टाकायचं असेल तर पूर्ण ओळ टाका, तारीख आणि निकाल दोन्ही. सिद्ध न झालेलं ‘खोटं’ म्हणून पुढे पाठवलं तर आपणही अफवाच पसरवतो. घबराट माजवणारी खोटी माहिती पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा आहे, हे पोरांना एकदा समजावून सांगा.

पुन्हा पाहायच्या तारखा पहिल्याच दिवशी घाला: एक महिना, सहा महिने, एक वर्ष. नंतरही पान बंद करू नका. ब्रिटन इराक युद्धात कसा उतरला याच्या सविस्तर चौकशीचा चिलकॉट अहवाल ६ जुलै २०१६ ला आला, तेरा वर्षांनी. टोंकिनचं सत्य खुलं व्हायला एकेचाळीस वर्षं गेली. तोवर वही सांभाळणारं माणूस बदललेलं असेल, म्हणून पहिल्या पानावर रकान्यांचा अर्थ स्वच्छ अक्षरात लिहून ठेवा.

आपली स्वतःची नोंद चुकली तर ती खोडू नका. तिरकी रेघ मारा, शेजारी तारीख घाला, खाली बरोबर काय ते लिहा आणि सही करा. आमच्या वहीच्या अकराव्या पानावर अशा चार रेघा आहेत. ते पान आम्ही महिन्यातून एकदा, आठवडी बाजाराच्या संध्याकाळी, सगळ्यांसमोर वाचतो. त्या जवानाची आईही आता येऊन बसते. फोन घरी ठेवून येते.